माहेरची माणसं मोजताना

खलिफा सिटीतल्या गल्ल्या एकमेकींसारख्या दिसाव्यात याची कोणीतरी फार काळजी घेतलेली आहे. वाळूच्या रंगाची उंच भिंत, सोनेरी नक्षीचं लोखंडी फाटक, भिंतीवरून डोकावणारी बोगनवेल आणि बाहेर अर्धा रस्ता अडवून उभी असलेली एक मोठी गाडी. दर गल्लीत हेच. त्यामुळे दलालानं फाटक उघडलं तेव्हा मला काहीच ओळखीचं वाटलं नाही. आधी वास आला. ठिबकच्या नळ्यांनी भिजलेली वाळू, आणि तिच्यात पडून आंबलेली बोरं. मग मी वर पाहिलं. झाड तेच होतं.

"हे तर आपलं घर," मी म्हणालो.

"वॉज," ईरा म्हणाली. "अँड इट वॉज नेव्हर आवर्स, बाबा. वी रेंटेड."

माझी मुलगी कंत्राटांची वकील आहे. तिच्यासमोर 'आपलं' हा शब्द जपून वापरावा लागतो.

दुबईची नोकरी सोडून ती अबू धाबीला येते आहे. दुबई मरीनातल्या फ्लॅटमधून तिच्या मुलाला, नीलला, नुसत्या बोटी दिसतात, त्याला पायाखाली जमीन हवी, म्हणून ती आणि तिचा नवरा विष्णू अंगणाचं घर शोधताहेत. विष्णू ऑफिसात अडकला होता, म्हणून मी बरोबर आलो होतो. नील तिच्या कडेवर होता आणि दलाल आमच्यापुढे चालत हिंदीत बोलत होता. "सर, एकदम प्राइम लोकेशन. एअरपोर्ट दस मिनिट. मस्जिद, बकाला, सब वॉकिंग. फॅमिली एरिया है, यल्ला, अंदर से देखिए." बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. आम्ही त्या दुकानात जायचो तेव्हा हा दलाल शाळेत असणार, पण मी ऐकून घेतलं.

नील आता दोन वर्षांचा होईल. तो अजून फारसा बोलत नाही. निदान माझ्याशी तरी नाही. 'कार' म्हणतो, 'नो' म्हणतो, आणि बाकी सगळं बोट दाखवून करून घेतो. माझी इच्छा फार मोठी नाही. त्यानं भाषेचा अभिमान वगैरे बाळगावा असं मला अजिबात वाटत नाही. अभिमान बाळगणारे पुष्कळ झाले आहेत, बोलणारे कमी पडताहेत. घरात मराठी बोलणारं आणखी एक माणूस असावं, एवढंच. आम्ही दोघं, मी आणि सुनंदा, अल रीम आयलंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकमेकांशी बोलतो, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा-बायको जेवढं बोलतात तेवढंच ते असतं.

"ही विल पिक इट अप, बाबा," ईरा नेहमी म्हणते.

"कुठून?"

"फ्रॉम यू गाइज."

आम्हांला तो महिन्यातून दोन शनिवार मिळतो. विष्णूची आई मात्र त्रिशूरहून येते आणि चार-चार महिने राहते. बाई अखंड बोलते. काय बोलते ते मला कळत नाही, पण तिच्या बोलण्याला पूर्णविराम नसतो, हे कळतं.

दलाल ईराला स्वयंपाकघर दाखवायला आत घेऊन गेला. मी झाडाखाली थांबलो. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या आईनं खाली पडलेलं एक फळ उचललं, लुगड्याला पुसलं, चावलं आणि जाहीर केलं, "बोर आहे रे हे. अरबांना माहीत नाही वाटतं." त्या दिवसापासून तिला हा देश परका राहिला नाही. आई दर हिवाळ्यात साताऱ्याहून यायची, दिवाळी झाली की, आणि उन्हाळा चढायच्या आत परत जायची. थंडीतल्या पक्ष्यांसारखी. सामानात मेतकूट, कुळथाचं पीठ आणि एक लोखंडी तवा. कस्टमवाल्यानं एकदा तवा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला होता.

मालकानं एका व्हिलाचे तीन तुकडे करून भाड्यानं दिले होते. मागच्या तुकड्यात आम्ही. वरच्या मजल्यावर एक सुदानी कुटुंब, ज्यांच्या खिडकीतून शुक्रवारी सकाळी धुपाचा जड, गोड वास खाली उतरायचा. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. आणि पुढच्या तुकड्यात माइर.

ती वेल्श होती, शाळेत संगीत शिकवायची. नवरा इंग्रज, तेलाच्या कामावर, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. मुलगा गेथिन, ईराच्याच वयाचा. पहिल्या दिवशी ती हातात बशी घेऊन आली आणि आईनं दार उघडलं. मी आत होतो, मला नुसता संवाद ऐकू आला.

"माइर," ती छातीवर हात ठेवून म्हणाली.

"माहेर?" आई म्हणाली.

"माइर."

"माहेर! अगं बाई." आई आत वळून मला म्हणाली, "किती शहाणे आईबाप असतील हिचे. मुलगी कुठंही नांदायला गेली तरी माहेर बरोबर."

मी खुलासा करायला गेलो की हे मेरीचं त्यांच्या भाषेतलं रूप आहे, त्याचा आणि माहेराचा काही संबंध नाही. आईनं माझं ऐकून घेतलं आणि तिला शेवटपर्यंत 'माहेरबाई' म्हटलं. मग आम्हीही म्हणायला लागलो. माइरला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "याच्यासाठी आमच्याकडे शब्द नाही. पाहिजे होता." ती इंग्रजीत बोलायची, इथं मी तिचं मराठी करतो आहे. तिची हरकत नसावी.

वेल्श म्हणजे इंग्रजी बोलायची एक लकब, असं मी तोवर समजत होतो. इतकी पुस्तकं वाचूनही. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला छोटा डोंगराळ देश, सतत पाऊस, मेंढ्या, कोळशाच्या खाणी, एवढं माहीत होतं. त्या देशाला स्वतःची भाषा आहे, ती इंग्रजीहून जुनी आहे, आणि माइर तिच्यातच वाढली, पाच वर्षांची होईपर्यंत तिला इंग्रजी येतच नव्हतं, हे मला अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं. तिच्या आजीच्या लहानपणी निम्मा देश ती भाषा बोलायचा. आता पाचांत एकही नाही. दर दहा वर्षांनी तिथल्या सरकारची माणसं दारोदार विचारतात, तुम्हांला वेल्श येतं का, आणि मग अख्खा देश आकड्याची वाट बघत बसतो, जसे घरचे लोक इस्पितळाच्या व्हरांड्यात बसतात.

"तुमचे किती?" तिनं मला विचारलं.

"कोटींनी आहोत," मी पाय लांब करत म्हणालो. "मोजायची गरज पडत नाही."

"आणि घरात?"

मी घराकडे पाहिलं. आतून ईरा ओरडत होती, "आज्जी, व्हेअर इज माय अदर सॉक?" आणि आई ओरडत होती, "खाटेखाली बघ." दोघींना एकमेकींचं पूर्ण कळत होतं.

"साडेतीन," मी म्हणालो.

आई आणि माहेरबाई यांच्यात एकही सामाईक भाषा नव्हती. तरी हिवाळ्यातल्या दुपारी त्या दोघी या झाडाखाली तासन् तास बसायच्या. वरून विमानं उतरायची, एसीची यंत्रं वर्षातून तेवढे तीन महिने गप्प असायची, आणि त्या शांततेत आईचं मोजणं ऐकू यायचं. बोरं वाळवायला घालताना ती विसांनी मोजायची, तिच्या आईसारखी. एक वीस, दोन विसा, तीन विसा. एके दिवशी माइरनं तिचा हात धरला आणि मला बाहेर बोलावलं. ही काय म्हणतेय? मी सांगितलं. माइर टाळी वाजवून म्हणाली, "आम्हीही!" त्यांच्याकडे वीसला 'इगाइन', चाळीसला 'दैगाइन' म्हणजे दोन विसा, साठला 'त्रिगाइन'.

"त्रि?" आईनं कान टवकारले. "म्हणजे तीन?"

मग त्यांनी एकमेकींना एकापासून दहापर्यंत म्हणून दाखवलं. 'त्री' म्हणजे तीन. 'साइथ' म्हणजे सात. 'नाउ' म्हणजे नऊ. आणि अठराला माहेरबाईच्या गावी 'दैनाउ' म्हणतात, म्हणजे दोन नऊ.

"ही आपलीच माणसं रे," आई म्हणाली. "कोकणातून बोटीनं गेली असतील."

मी तिला भाषांची कुळं समजावून सांगितली. हजारो वर्षांपूर्वी एक मूळ भाषा होती, तिच्या लेकी इकडे-तिकडे गेल्या, कोणी युरोपात, कोणी हिंदुस्थानात.

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली.

नव्या शाळांमध्ये आता मुलांना सोपं करून 'दहा-आठ' शिकवतात, दोन नऊ कोणी म्हणत नाही, हे सांगताना माइरचा चेहरा पडला होता. आईला ते दुःख लगेच कळलं, कारण ईरा एकोणतीसला 'वीस-नऊ' म्हणायची. संध्याकाळी मुलं लपाछपी खेळायची आणि ज्याच्यावर राज्य असेल त्यानं या बुंध्याकडे तोंड करून आपल्या घरच्या भाषेत आकडे म्हणायचे, असा नियम आईनं केला होता. सुदानी मुलं अरबीत भराभर मोजायची. गेथिन वेल्शमध्ये मोजायचा, पुटपुटत, कोणी ऐकत नाही ना हे बघत. ईरा अठ्ठावीसपर्यंत खणखणीत जायची आणि थबकायची. ओट्यावरून आईचा आवाज, "पुढे काय? तिसाला एक कमी, काय?" ईरा बोर खायची, विचार करायची, परत अठ्ठावीस म्हणायची. एकदा लपलेली मुलं वाट बघून कंटाळली आणि आपापल्या घरी जाऊन जेवली. एकोणतीसपाशी माझ्या मुलीचं सगळं बालपण थोडा थोडा वेळ थांबलेलं आहे. त्या थांबण्यात मशिदीतली मगरीबची बांग आहे, ओल्या वाळूवर पाणी पडल्याचा आवाज आहे, आणि आईनं दिलेल्या हिंगाच्या फोडणीचा वास आहे, जो सुदान्यांच्या धुपाशी भांडत भिंतीवरून पलीकडे जायचा.

माइर गेथिनशी फक्त वेल्शमध्ये बोलायची. तो कायम इंग्रजीत उत्तर द्यायचा. एखादी भिंत चेंडू परत करते तसा.

"तो उत्तर देत नाही, मग कशाला बोलता?" मी एकदा विचारलं.

"इंग्लिशमध्ये मी अख्ख्या शाळेची टीचर आहे," ती म्हणाली. "घरी तरी आई असावं."

त्या दिवशी तिच्या हातात आईचा तवा होता. त्यांच्याकडे चपट्या गोल वड्या करतात, लोणी, मैदा, मनुका घालून. त्या भट्टीत नाही, तव्यावर भाजायच्या असतात, आणि तिच्या इंग्रज घरात तवा नव्हता. आईला अंडं चालत नाही म्हणून ती बिनअंड्याच्या करायची. गरम लोणी आणि मनुकांचा तो वास अजूनही कुठल्या हॉटेलच्या बेकरीतून आला की सुनंदा म्हणते, "माहेरबाई आली."

फेब्रुवारीच्या शेवटी आमचा मराठी भाषा दिन असतो आणि मार्चच्या पहिल्या तारखेला त्यांच्या संताचा दिवस. एका वर्षी आम्ही एकमेकांना आमंत्रणं दिली. आमचा कार्यक्रम एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये होता. प्रमुख पाहुणे मुंबईहून विमानानं आणले होते. त्यांनी भाषेची थोरवी सांगितली, मग अध्यक्षांनी पाहुण्यांची थोरवी सांगितली, मग पाहुण्यांनी अध्यक्षांची. मध्येच निवेदिका म्हणाली, "रसिकहो, एक छोटीशी अनाउन्समेंट, ज्यांची व्हाइट एसयूव्ही गेटला ब्लॉक करतेय त्यांनी प्लीज मूव्ह करावी," आणि निम्मा हॉल उठला. फेटे बांधलेल्या मुलांनी समूहगीत म्हटलं. पडद्यामागून आवाज येत होता, "आंटी, माय फेटा इज फॉलिंग!"

"सुंदर," माइर माझ्या कानात म्हणाली. "यातली बोलतात किती?"

मी म्हटलं, "गाणं चांगलं झालं."

दोन दिवसांनी तिचा कार्यक्रम. तोही हॉटेलात, बहुधा त्याच वेटरांचा. कोटाला कागदाची पिवळी फुलं लावलेल्या बायका, आणि पातीच्या कांद्यासारखी दिसणारी एक लांबलचक भाजी छातीवर मिरवणारे पुरुष. आम्ही डोक्याला कापड गुंडाळतो, तेव्हा मी हसलो नाही. मेनू वेल्शमध्ये छापला होता आणि सगळे जण वेटरला इंग्रजीत विचारत होते की यात काय आहे. मग सगळे उभे राहिले आणि त्यांनी चार सुरांत राष्ट्रगीत म्हटलं. ते काय होतं ते मला सांगता येणार नाही. थोराड, लालबुंद गृहस्थ लहान मुलांसारखे रडत होते. मीही रुमाल काढला, आणि मला एक शब्दही कळत नव्हता.

खाली बसताना माइर म्हणाली, "आता यांना वेल्शमध्ये विचार, टॉयलेट कुठं आहे."

तिनं मला वाक्य शिकवलं. मी ते घोकत शेजारच्या टेबलावरच्या, सगळ्यांत मोठ्यानं रडलेल्या गृहस्थाकडे गेलो आणि स्पष्ट उच्चारात विचारलं. त्यानं मला कडकडून मिठी मारली, पेला उंचावला आणि गरजला, "येखिद दा!" म्हणजे चीअर्स.

मी परत आलो तेव्हा माहेरबाई टेबलावर डोकं ठेवून हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं कोटावरचं कागदाचं फूल काढून टेबलावर ठेवलं.

एका हिवाळ्यात आकडा आला. माइर फाटकातून आली तीच हळू, हातात बशी नाही, काही नाही. ओट्यावर आईशेजारी बसली. मला म्हणाली, "आम्ही परत कमी झालो." गेल्या वेळी थोडे वाढले होते, म्हणून सगळ्यांना वाटलं होतं की आता चढच. आणि नाही.

"आणि मी त्या आकड्यात नाहीच," ती म्हणाली. "ते फक्त तिथं राहणाऱ्यांना मोजतात. इथं मी कितीही बोलले तरी मी शून्य."

आई आमच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं हिला? कोणी गेलं का?"

आता जनगणना, भाषा, टक्केवारी हे सगळं आईला कसं सांगायचं? मी म्हटलं, "हिच्याकडची माणसं कमी झाली, आई."

"अगं बाई. किती?"

"बरीच."

"एकदम?"

"नाही. हळूहळू."

आईनं माइरच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली. तासाभरानं मी पाहिलं तर ती डोक्यावरून पदर घेऊन, हातात झाकलेली पातेली घेऊन अंगण ओलांडत होती. पिठलं आणि भात. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्यांनी न्यायचा असतो तसा. मी तिला अडवायला निघालो होतो. सुनंदानं माझी बाही धरली. "जाऊ द्या," ती म्हणाली. "चुकीचं काय करताहेत?"

दार उघडं होतं. आईनं माइरला पाटावर बसवावं तसं खुर्चीवर बसवलं, ताट वाढलं, आणि ती जेवेपर्यंत समोर उभी राहिली. गेथिनलाही वाढलं. गेथिननं माइरला विचारलं, काय झालंय, आपण का जेवतोय असं? वेल्शमध्ये विचारलं; अर्थ माइरनं मला नंतर सांगितला. बहुधा घरात कोणीतरी गेलंय असं वाटून घाबरला असावा. माइरनं चमचा खाली ठेवला आणि त्याला काहीतरी सांगितलं, आणि त्यानं परत काहीतरी विचारलं, आणि ती दोघं बोलतच राहिली. मी फाटकापाशी उभा राहून ऐकत होतो. मला काही कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

आई दोन वर्षांनी गेली. साताऱ्याला, ऐन उन्हाळ्यात. आम्ही दिवस करून परत आलो तेव्हा फाटकाशी माइर उभी होती, हातात झाकलेलं पातेलं. पिठलं. ते कसं करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आईच्या हाताकडे बघून जेवढं कळलं तेवढं. बेसनाच्या गुठळ्या होत्या आणि मीठ घालायचं राहिलं होतं. ती समोर उभी राहिली, आईसारखीच, आम्ही जेवेपर्यंत. आम्ही पातेलं पुसून खाल्लं. ईरा तेव्हा चौदा वर्षांची होती. ती जेवता जेवता एकदम म्हणाली, "आज्जी वुड हॅव सेड, मीठ कुठाय." आणि मग ताट तसंच ठेवून या झाडाखाली येऊन बसली.

त्यानंतर सगळं भराभर झालं, म्हणजे इथं जसं होतं तसं. माइरच्या नवऱ्याचं कंत्राट खलास. कंटेनर आला, सामान गेलं, फाटकाबाहेर एक पियानो दिवसभर उन्हात उभा होता. मालकानं भाडं वाढवलं आणि आम्ही बेटावर, विसाव्याच्याही वरच्या मजल्यावर गेलो. ईरा शिकायला गेली. घरातली संख्या साडेतीनावरून दोनावर आली. आमची मोजणी करायला कोणी येत नाही, म्हणून मी स्वतःच अधूनमधून करतो.

माइरचा फोन येतो. ती आता तिच्या गावी असते. गावातली निम्मी घरं सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घेतली आहेत, हिवाळ्यात ती बंद असतात, दुकानात गेलं तर इंग्रजीच बोलावं लागतं. पण गेथिनची मुलगी कार्डिफमध्ये वेल्श शाळेत जाते. शहरात अशा शाळांना गर्दी आहे. मुलीचा घरचा अभ्यास घेता यावा म्हणून गेथिन संध्याकाळी मोठ्यांच्या वर्गात जाऊन वेल्श शिकतो.

"वर्गात!" माइर फोनवर ओरडली. "मी अठरा वर्षं बोलत होते तेव्हा हा काय करत होता?"

"ऐकत होता," मी म्हणालो.

"शाळेत वाढतेय, गावात कमी होतेय," ती म्हणाली. "आता बेरीज करायची की वजाबाकी, ते मला कळत नाही. तुझ्या नातवाचं काय?"

मी म्हटलं, "अजून बोलत नाही."

"तू बोलतोस का?"

मी म्हटलं, फोन कट होतोय.

ईरा आतून आली. दलाल मागून सांगत होता की मालक फार सज्जन आहे, पेंटिंग करून देईल, इन्शाल्ला. पेंटिंगच्या बाबतीत मी हा शब्द पूर्वीही ऐकलेला आहे. ईरा थोडा वेळ झाडाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "किचन इज टायनी. वॉज इट ऑल्वेज दॅट टायनी?"

"आज्जी मावायची," मी म्हणालो.

"या," ती म्हणाली. "शी डिड."

गाडीत ती पुढे बसली, गाडी चालवायला. मी मागे, नीलच्या खुर्चीशेजारी. पट्टा लावताना तो वैतागला होता. मी पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि त्याच्यापुढे धरलं. माइरचा प्रश्न कानात होता म्हणून असेल, किंवा त्या अंगणातून नुकताच बाहेर आलो होतो म्हणून, मी सावकाश, सबंध वाक्य बोललो. "नील, हे बघ, केळं. भूक लागली असेल ना तुला? घे."

नीलनं केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात बाजूला सारून स्वच्छ आवाजात म्हणाला, "वेंडा."

"काय म्हणाला?"

ईरा हसायला लागली. "दॅट्स मल्याळम. ही डझन्ट वाँट इट. दॅट्स ऑल अच्छम्मा." अच्छम्मा म्हणजे विष्णूची आई. "शी जस्ट टॉक्स टू हिम, बाबा. ऑल डे. ही नेव्हर आन्सर्ड. शी डिडन्ट केअर."

म्हणजे मुलगा बोलत होता. माझ्याशी बोलत नव्हता. पूर्णविराम नसलेल्या त्या बाईनं चार महिन्यांत काम करून टाकलं होतं. भाषा दिन साजरा न करता, फेटा न बांधता. मला एकाच वेळी फार वाईट वाटलं आणि फार हायसं वाटलं. कुठलं जास्त, ते आत्ता सांगता येत नाही.

मी केळ्याचा छोटा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

"वेंडा," नील म्हणाला.

"नको," मी म्हणालो.

त्यानं भुवया वर केल्या. "वेंडा."

"नको."

"बाबा, स्टॉप," ईरा पुढून म्हणाली. "ही डझन्ट वाँट इट इन एनी लँग्वेज."

बाहेर संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. बेटापर्यंतचा रस्ता लांब होता. नीलला आता हा खेळ वाटायला लागला होता. तो केळ्याकडे बघतही नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वेंडा!"

त्याच्याकडे पाठबळ मोठं होतं. मला घाई नव्हती.

"नको," मी म्हणालो.